सीम नसलेली भुते : जपानी भयपट पावसाळ्यात घरी कसे पाहावेत

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाडीत गेली चार वर्षे पावसाळ्यातल्या शनिवारी रात्री पाचसात माणसे जमतात आणि जपानी भयपट पाहतात. त्यांतही भूत जिथे व्हिडिओ कॅसेटमधून, टीव्हीतून, संगणकातून किंवा मोबाईलमधून येते, तेवढेच चित्रपट आम्ही निवडतो. १९९८ पासून पुढच्या सहा-सात वर्षांत जपानमध्ये अशा चित्रपटांची एक लाटच आली होती आणि त्यांतले चार-पाच चित्रपट आजही पाहणाऱ्याची झोप उडवू शकतात. मात्र ते वाटेल तसे लावले तर कंटाळवाणे आणि क्वचित विनोदीही वाटतात. आमचे पहिले दोन खेळ असेच फुकट गेले. त्यानंतर चुकतमाकत जी पद्धत बसली ती इथे लिहीत आहे, म्हणजे किनारपट्टीवर आणखी कुणाला असे खेळ लावायचे असतील तर निदान आमच्याच चुका पुन्हा कराव्या लागणार नाहीत.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण पुढच्या बहुतेक सूचना तिच्यावरच उभ्या आहेत. आपल्याकडचे भूत जागेला बांधलेले असते. मुंजा पिंपळावर राहतो, गिरो पाण्यात राहतो, देवचार आपल्या हद्दीत फिरतो. गावाला सीम, म्हणजे हद्द, असते, सीमेला राखणदार असतो, वर्षाला त्याचा मान दिला जातो आणि गाऱ्हाणे घालताना त्याने कोणाकोणाला सांभाळायचे ते मोठ्याने सांगितले जाते. त्यामुळे कोकणातल्या माणसाला भुताची भीती वाटली तरी त्या भीतीला एक पत्ता असतो. तिन्हीसांजेनंतर अमुक वहाळाकडे जाऊ नये, एवढे पाळले की निभावते. जुन्या जपानी कथांतही साधारण हाच हिशेब होता. हिमेजीच्या किल्ल्यात आजही ओकिकूची विहीर दाखवतात. दहा ताटल्यांपैकी एक हरवल्याचा आळ घेऊन मारलेली ही मोलकरीण रात्री विहिरीतून नऊपर्यंत आकडे मोजते, अशी तिची कथा आहे. १८२५ साली काबुकी रंगमंचावर आलेली योत्सुयाची ओइवा आपला घात करणाऱ्या नवऱ्याच्या मागे लागते. म्हणजे भूत एकतर जागेला चिकटलेले, नाहीतर वैऱ्याला. १९९८ च्या ‘रिंग’मध्ये विहीर तशीच आहे, मोकळे केस तसेच आहेत, पांढरा पोशाखही तसाच आहे, फक्त विहिरीतून वर येण्याची वाट बदलली आहे, आणि ज्याने कुणाचे काही वाकडे केले नाही त्याच्याही घरात ती उघडते. या भुतांना सीम उरलेली नाही. पाहताना लक्ष ठेवायचे ते या गोष्टीवर.

काळ आणि जागा

जपानमध्ये भुताच्या गोष्टींचा मोसम उन्हाळ्याचा, म्हणजे तिथल्या दमट, घामट जुलै-ऑगस्टचा असतो. पितर घरी येतात अशी श्रद्धा असलेला ओबोनचा सण बहुतेक भागांत ऑगस्टच्या मध्याला येतो आणि काबुकीतली भुताची नाटकेही पूर्वापार उन्हाळ्यात होत आली आहेत. आपल्याकडे त्या हवेला जवळचा काळ म्हणजे मृग सरल्यापासून गणपतीपर्यंतचा. गणपतीत कुणाला सवड नसते. पुढे पितृपक्षात असे चित्रपट लावायला घरातली मोठी माणसे हरकत घेतात आणि ती हरकत मानावी. ज्या पंधरवड्यात आपण स्वतःच पितरांना पान वाढतो, त्या पंधरवड्यात ‘हे सगळे खोटे असते’ अशी हुज्जत घालण्यात काही शहाणपण नाही.

आमचा पहिला खेळ मे महिन्यात, खळ्यात पांढरा पडदा लावून, चाळीसेक माणसांसमोर झाला. मुंबईहून आलेले चाकरमानी, त्यांची मुले, शेजारपाजारचे, सगळे हौसेने आले होते. आमच्या भागातल्या प्रेक्षकाला दशावताराची सवय असते. तिथे राक्षस येतो तो मृदुंगाच्या आणि झांजेच्या गजरात येतो, प्रेक्षक मोठ्याने दाद देतात, मध्येच उठून चहा पिऊन येतात, आणि तरीही नाटकाचे काही बिघडत नाही, कारण ते नाटकच तसे रचलेले असते. या जपानी चित्रपटांत मात्र भूत येण्याआधी बराच वेळ काहीच घडत नाही. त्या रिकाम्या वेळाला जपानी भाषेत ‘मा’ म्हणतात, आणि भीतीचे खरे काम त्या वेळातच होते. चाळीस माणसांत असा रिकामा वेळ टिकत नाही. कुणीतरी तो भरून काढतोच. आमच्याकडे तो एका रसिक गृहस्थांनी “आता बघा, येतला” असे दर दोन मिनिटांनी सांगून भरून काढला, आणि ‘रिंग’मधले भूत, सादाको, प्रत्यक्ष आली तेव्हा टाळ्या पडल्या. तेव्हा माणसे सातांपेक्षा अधिक नसावीत, आणि त्यांतली निदान दोन तरी मुळात कमी बोलणारी असावीत.

दुसरा खेळ जुलैत पडवीत लावला, तो पत्र्यामुळे फसला. मुसळधार पावसाचा पत्र्यावरचा आवाज आणि जुन्या टीव्हीवर केंद्र न लागल्यावर येणारा खरखराट यांत कानाला फारसा फरक जाणवत नाही; दोन्हींत सगळ्या पट्ट्यांतले आवाज एकदम मिसळलेले असतात, आणि असा आवाज बारीक आवाजांना गिळून टाकतो. ‘रिंग’चे संगीत केंजी कवाई यांचे आहे आणि त्यातला बराचसा भाग ऐकू येतो-न येतो अशा घर्षणांचा, गुणगुणीचा आहे. पत्र्याखाली त्यातले काहीही उरले नाही, आणि मग ज्यांना ते ऐकू येत नव्हते त्यांना पडद्यावर नुसती एक बाई जिन्याने वर-खाली करताना दिसत होती. यावर टीव्हीचा आवाज वाढवणे हा उपाय नाही, कारण तसे केले की टेलिफोनची घंटा कान फोडते आणि मौन तसेच बुडालेले राहते. खेळ माजघरात लावावा. कौलांवरचा पाऊस पत्र्यापेक्षा मऊ वाजतो, आणि वर माळा असेल तर आणखी दबतो. दोन लहान स्पीकर टीव्हीशेजारी न ठेवता प्रेक्षकांच्या जवळ, हातभर अंतरावर ठेवले तर कमी आवाजातही सगळे नीट ऐकू येते. पाऊस फारच वाढला तर चित्रपट थांबवून कोरा चहा करावा आणि सर ओसरल्यावर पुन्हा सुरू करावे. आम्ही एकदा ‘डार्क वॉटर’साठी पाऊण तास असेच थांबलो होतो.

यंत्राची तयारी

नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत दाखवण्याची एक सोय कारखान्यातूनच चालू केलेली असते. चित्रपटात सेकंदाला चोवीस चित्रे असतात. टीव्ही त्यांच्या अधेमधे स्वतःची चित्रे तयार करून भरतो, त्यामुळे क्रिकेटचा सामना छान दिसतो आणि चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो. ‘रिंग’साठी तर ही सोय घातकच आहे. सादाकोचे काम रिए इनो या नटीने केले. तिला झटके देत मागे मागे चालायला लावून चित्रण केले आणि ते उलटे फिरवून दाखवले, म्हणून ती पुढे येताना तिच्या सांध्यांत काहीतरी चुकलेले आहे असे वाटते, पण नेमके काय चुकले आहे ते सांगता येत नाही. टीव्हीने तो झटका गुळगुळीत केला की ती नुसती थकलेली बाई वाटते. टीव्हीच्या चित्राच्या मांडणीत ‘सिनेमा’ किंवा तत्सम नावाची एक निवड असते. ती घेतली की बहुधा ही सोय बंद होते, तरी एकदा आत जाऊन तपासून पाहावे.

दुसरी गोष्ट काळ्या रंगाची. कियोशी कुरोसावा यांच्या ‘कायरो’त भूत पुष्कळदा चौकटीच्या कोपऱ्यात, मागच्या भिंतीशी, जेमतेम दिसेल असे उभे असते. इंटरनेटवरून चित्रपट थेट पाहताना रेंज कमी झाली की सेवा चित्राचा दर्जा उतरवते, आणि दर्जा उतरला की सर्वांत आधी अंधारातले बारकावे जाऊन त्यांच्या जागी चौकोनी ठिपके दिसू लागतात. म्हणजे नेमके भूतच नाहीसे होते. आमच्याकडे पावसात रेंज वडाजवळच्या वळणापलीकडे टिकत नाही. म्हणून चित्रपट अधिकृत सेवेवरून आदल्या दिवशीच उत्तम दर्जात उतरवून ठेवावा, किंवा डिस्क मिळाली तर तीच वापरावी. चित्र उजळ करून पाहण्याचा मोह आवरावा. त्याऐवजी खोलीतला पडद्यावर पडणारा उजेड काढावा आणि टीव्हीच्या मागे, भिंतीकडे तोंड करून, एक मंद दिवा ठेवावा, म्हणजे डोळे शिणत नाहीत. विजेचा भरवसा नसतोच, तेव्हा इन्व्हर्टर दुपारीच भरलेला असावा.

भाषांतरित आवाजातली प्रत घेऊ नये. मूळ जपानी आवाज आणि खाली इंग्रजी ओळी हाच मार्ग आहे. ज्यांना त्या ओळी भरभर वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी एकाने सुरुवातीला दहा मिनिटे कथेचा पूर्वार्ध मराठीत सांगावा आणि पुढे फक्त अडेल तिथे एखादे वाक्य हळू आवाजात द्यावे. हे काम आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका करतात. त्यांचे सांगणे इतके बेताचे असते की चित्रपटाची लय मोडत नाही. असे माणूस सापडले तर जपावे.

कोणता चित्रपट कधी

एका रात्री एकच चित्रपट, आणि दोन चित्रपटांत निदान आठवड्याचे अंतर. हे चित्रपट पाहताना जितके भिववतात त्यापेक्षा नंतरच्या दोन-तीन दिवसांत अधिक भिववतात आणि त्या दिवसांना जागा ठेवावी लागते.

सुरुवात ‘रिंग’ने करावी. दिग्दर्शक हिदेओ नाकाता, पटकथा हिरोशी ताकाहाशी यांची, आधार कोजी सुझुकी यांच्या १९९१ च्या कादंबरीचा. एक व्हिडिओ कॅसेट आहे. ती पाहिली की फोन वाजतो आणि पाहणारा सात दिवसांनी मरतो. रेइको ही वार्ताहर तिचा माग काढते. एवढेच आधी सांगावे. चित्रपट दीड तासाहून थोडा मोठा आहे.

खेळाआधी तरुण मुलांच्या हातात एक खरी व्हिडिओ कॅसेट द्यावी, कारण विशीतल्या मुलांनी ती पाहिलेली नसते आणि तिच्याशिवाय या चित्रपटाचा निम्मा अर्थ हरवतो. त्यांना सांगावे की नकलेची नक्कल केली की चित्र दरवेळी थोडे पुसट होते, रंग ओघळतात, कडा थरथरतात. पाचव्या-सहाव्या नकलेत माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. एकेकाळी वाडीत सत्यनारायणाच्या रात्री टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणून तीन-तीन चित्रपट दाखवत, तेव्हा आम्ही सगळे असल्याच पुसट नकला पाहत होतो. केंद्र न लागलेल्या टीव्हीवर ‘मुंग्या’ येत आणि अँटेना बांधलेला बांबू फिरवायला कुणीतरी पावसात बाहेर जाई. या पुसटपणातूनच जपानी भयपटाचे भूत जन्माला आले, असे माझे मत आहे. तिथे १९८९ पासून थेट व्हिडिओसाठी स्वस्त चित्रपट निघू लागले, आणि १९९१ मध्ये नोरिओ त्सुरुता यांनी ‘खरोखर घडलेल्या भयकथां’च्या व्हिडिओपटांत मागे, अस्पष्ट, काहीही न करता उभे असलेले भूत दाखवले. ते अंगावर येत नाही, किंचाळत नाही; फक्त असते. पुढच्या दिग्दर्शकांनी तो धडा गिरवला. आपल्या दमट, खाऱ्या हवेत जुन्या कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरलेली असते. अशी कॅसेट नुसती दाखवावी, चालवून पाहू नये, कारण बुरशी व्हीसीआरच्या हेडला चिकटते आणि त्यानंतर घातलेली चांगली कॅसेटही खराब होते. (हे वाचून ज्यांना हसू आले त्यांनी ‘रिंग’ पाहिलेला आहे.)

पाहताना समुद्राकडे लक्ष ठेवावे. चित्रपट अंधाऱ्या लाटांनी सुरू होतो आणि त्या लाटांतून टीव्हीवरचा बेसबॉलचा सामना निघतो. शापित चित्रफितीत एक पुटपुटलेले वाक्य आहे: पाण्यात खेळत राहिलास तर भूत येईल, अशा अर्थाचे. ते वाक्य प्रमाण जपानीत नाही, इझू ओशिमा या ज्वालामुखी बेटाच्या बोलीत आहे, आणि बोलीच शोधकर्त्यांना त्या बेटावर घेऊन जाते. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. ‘बावीत वाकून बघू नको, गिरो ओढीत’ हे ऐकतच आपण मोठे झालो. सादाकोच्या आईची गोष्टही पूर्ण हवेतली नाही. १९१० साली टोकियोत तोमोकिची फुकुराई या मानसशास्त्रज्ञाने चिझुको मिफुने नावाच्या स्त्रीच्या कथित दिव्यदृष्टीचे प्रयोग विद्वानांसमोर केले, त्यांवरून मोठा वाद झाला आणि १९११ च्या प्रारंभी त्या तरुण स्त्रीने जीव दिला. मनातले चित्र छायाचित्राच्या काचेवर उमटवण्याच्या कल्पनेला फुकुराईंनी ‘नेन्शा’ असे नाव दिले होते. सादाको तेच व्हिडिओ फितीवर करते.

ज्यांनी ‘रिंग’ पाहिलेला नाही त्यांनी पुढचा एक परिच्छेद सोडून द्यावा.

आपल्याकडे ही कथा विहिरीतच संपली असती. हाडे सापडली, विधी झाला, आत्मा सुटला. चित्रपटही तिथे संपल्यासारखे दाखवतो आणि मग एक दिवस उलटल्यावर आपला हिशेब चुकल्याचे दाखवून देतो. रेइको वाचली ती सांगाडा वर काढल्यामुळे वाचली नाही. तिने कॅसेटची नक्कल करून दुसऱ्याला दाखवली होती, म्हणून वाचली. आपल्या पिढीतल्या ज्यांना संतोषी मातेची पोस्टकार्डे आली असतील त्यांना हा हिशेब लगेच कळेल: अकरा जणांना पाठवा, अमक्याने पाठवले त्याला धन मिळाले, तमक्याने फाडले त्याच्या घरी विपरीत घडले. जपानमध्येही १९७० च्या सुमारास ‘दुर्दैवाची पत्रे’ अशीच फिरत होती. पोस्टकार्ड हाताने लिहावे लागे, त्यामुळे अकरावे लिहीपर्यंत हात दुखे आणि भीतीही जरा कमी होई. यंत्राला हात दुखण्याची अडचण नाही. खेळ संपल्यावर चर्चेला हाच विषय ठेवावा, आणि चर्चा करणाऱ्यांपैकी कितींनी त्याच सकाळी ‘पुढे पाठवा’ असे काहीतरी पुढे पाठवले होते तेही विचारावे.

दुसऱ्या शनिवारी नाकातांचाच ‘डार्क वॉटर’ (२००२). घटस्फोटाच्या खटल्यात अडकलेली आई, लहान मुलगी, भाड्याचा जुना फ्लॅट आणि छतावर वाढत जाणारा ओलाव्याचा डाग. यात यंत्राचा भाग थोडा आहे: लिफ्टमध्ये कॅमेरा आहे आणि त्याचे चित्र खाली रखवालदाराच्या खोलीतल्या लहान पडद्यावर दिसते, तो पडदा चौकटीत आला की त्यावरून नजर हटवू नये. बाकी गळणारे छत, कुबट वास आणि कितीही पुसले तरी न जाणारी ओल हे कोकणातल्या माणसाला परके नाही. आमच्याकडे खेळ संपल्यावर प्रत्येकाने आधी वर पाहिले.

ताकाशी शिमिझु यांचा ‘जु-ऑन’ (२००२) अधेमधे कधीतरी, कुणाचा पाहुणा हट्ट धरील तेव्हा लावावा. त्याआधी २००० साली त्यांनी याच नावाचे दोन भाग व्हिडिओसाठी काढले होते आणि २००४ ची अमेरिकी आवृत्तीही त्यांचीच आहे. यातले भूत घराला धरून आहे, म्हणजे आपल्या ओळखीचे. मात्र त्या घरात एकदा पाऊल टाकले की ते बाहेरही मागे येते. कायाकोच्या घशातून येणारा घरघरीचा आवाज स्वतः शिमिझु यांनी काढलेला आहे, हे खेळानंतर सांगितले की लहानमोठे सगळे तो काढून पाहतात.

ताकाशी मीके यांच्या ‘वन मिस्ड कॉल’साठी (२००३) एक पथ्य आहे. मूळ नाव ‘चाकुशिन आरी’, म्हणजे फोनच्या पडद्यावर दिसणारे ‘कॉल येऊन गेला’. यात माणसाला स्वतःच्याच क्रमांकावरून, दोन-तीन दिवस पुढची तारीख असलेला निरोप येतो आणि त्यात त्याचाच शेवटचा आवाज असतो. आपल्याकडे मिस कॉल हा अपशकुन कधीच नव्हता. ‘पोचल्यावर मिस कॉल दे’ असे म्हणून आपण पैसे वाचवले आहेत, एक कॉल म्हणजे निघालो आणि दोन म्हणजे पोचलो अशा खुणाही ठरवल्या आहेत. त्यामुळे हा चित्रपट आपल्याला थोडा विनोदी वाटण्याचा धोका आहे, आणि खरे तर मीके यांनाही काही ठिकाणी थट्टाच करायची आहे. मरणार हे माहीत असलेल्या मुलीला टीव्हीवाले थेट प्रक्षेपणासाठी कसे गाठतात तो भाग सर्वांत तिखट आहे. खेळाआधी सगळ्यांचे मोबाईल आवाज चालू ठेवून एका परातीत जमा करावेत आणि परात प्रेक्षकांच्या मागे ठेवावी. एरवी आम्ही मोबाईल बंद करायला लावतो. या एका रात्री नाही. मुद्दाम कुणी फोन लावायचा नाही, एवढी अट घालावी. परात आपले काम आपण करते.

‘कायरो’

हा चित्रपट शेवटी लावावा आणि त्याला पुरा वेळ द्यावा. तो सुमारे दोन तासांचा आहे. दिग्दर्शक कियोशी कुरोसावा यांचा अकिरा कुरोसावांशी नात्याचा संबंध नाही, हा प्रश्न हमखास विचारला जातो म्हणून आधीच सांगून टाकावे. २००१ मध्ये हा चित्रपट आला आणि त्याच वर्षी कान महोत्सवात त्याला समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा पुरस्कार मिळाला. इंटरनेट तेव्हा टेलिफोनच्या तारेतून, मोडेमच्या किरकिऱ्या आवाजासह येत असे. तो आवाज तरुण मुलांना आधी ऐकवून ठेवावा, म्हणजे चित्रपटात तो आला की कुठले दार उघडते आहे ते त्यांना कळेल.

एक सूचना कळकळीची आहे. या चित्रपटात आत्महत्येची दृश्ये आहेत, आणि त्यांतले एक तर न तुटता, एकाच सलग चित्रणात दाखवलेले आहे. ज्यांच्या घरात असे काही घडले आहे किंवा ज्यांचे मन सध्या ठिकाणावर नाही, त्यांना बोलावू नये, किंवा आधी स्पष्ट सांगून निर्णय त्यांच्यावर सोडावा. लहान मुलांना तर या मालिकेतला कुठलाच चित्रपट दाखवू नये. ‘कायरो’ मात्र मोठ्यांनाही विचारून दाखवावा.

कथेचा धागा असा: मेलेल्यांच्या जगात आता जागा उरलेली नाही, म्हणून ते जिवंतांच्या जगात झिरपू लागले आहेत आणि इंटरनेट ही त्यांना मिळालेली फट आहे. संगणकाच्या पडद्यावर विचारणा येते, ‘भुताला भेटायचे आहे का?’ काही खोल्यांच्या दारांना, फटी बुजवायला, लाल चिकटपट्टी लावलेली दिसते. माणसे एकेक करून गप्प होतात, दिसेनाशी होतात आणि भिंतीवर काळा डाग उरतो. फोनवर कुणीतरी ‘तास्केते’, म्हणजे ‘वाचवा’, असे क्षीण आवाजात म्हणत राहते. इथे भूत कुणाला मारत नाही; ते माणसाला त्याच्या एकटेपणाची खात्री पटवून देते. १९९८ मध्ये तामाकी साइतो या मानसोपचारतज्ज्ञाच्या पुस्तकामुळे ‘हिकिकोमोरी’ हा शब्द जपानमध्ये घरोघरी पोचला होता, म्हणजे वर्षानुवर्षे स्वतःच्या खोलीबाहेर न पडणारी माणसे. ते डोक्यात ठेवून विद्यापीठातल्या संगणकावरची ठिपक्यांची आकृती पाहावी: दोन ठिपके फार जवळ आले तर नष्ट होतात, आणि फार दूर गेले तर पुन्हा एकमेकांकडे ओढले जातात. आमच्या मंडळींत यावर सर्वांत जास्त वेळ बोलणे झाले.

तळघरातल्या खोलीत एक बाई समोरून चालत येते. ते दृश्य सुरू झाले की हातातली बशी खाली ठेवावी, कारण त्यात ती मध्येच एकदा अडखळल्यासारखी होते, आणि तेवढ्यावरच आजवर आमच्याकडच्या तीन बशा फुटल्या आहेत. त्यात अंगावर धावून येणारा आवाज नाही, कॅमेऱ्याची झेप नाही. हे दृश्य चाळीस माणसांच्या खळ्यात कधीच घडले नसते.

‘कायरो’ आमच्या वाडीत इतका का लागला, याचे कारण मला तरी टोकियोत सापडत नाही. आमची चौदा घरे आहेत. त्यांतल्या नऊ घरांना गणपती आणि शिमगा सोडला तर वर्षभर कुलूप असते. पाणंदीने चालताना एकामागून एक बंद दारे लागतात, कुठे कडीला लाल कापड बांधलेले, कुठे फटीत वर्तमानपत्र कोंबलेले. उरलेल्या घरांतही दोन-दोन, एकेक माणूस, आणि त्यांचा मुलाबाळांशी संबंध रोज रात्री नऊच्या सुमाराला मोबाईलच्या पडद्यावर येतो. कधी चित्र थांबते आणि नातवाचा चेहरा अर्ध्या हसण्यात अडकून राहतो, कधी चेहरा जातो आणि नुसता आवाज येतो. रिकाम्या होत जाणाऱ्या टोकियोची दृश्ये सुरू झाली तेव्हा आमच्यातल्या एका आजींनी विचारले, “ह्या खयचा गाव?” त्यांनी पूर्ण चित्रपट पाहिला आणि भीती वाटली का असे विचारल्यावर नाही म्हणाल्या.

या चित्रपटानंतर लगेच मोठा दिवा लावू नये. समई किंवा कंदील लावून दहा मिनिटे बसावे. पेज किंवा खिमट असे काही ऊन ऊन तयार असावे. भजी नकोत, ती कुरकुरतात आणि चित्रपट चालू असतानाच संपतात. एकट्याने राहणाऱ्याला घरापर्यंत दोघांनी सोडायला जावे आणि त्याने आत दिवा लावल्यावरच परत फिरावे.

त्या परतीच्या वाटेबद्दल एक शेवटची सूचना राहिली. आमच्या शेजारच्या बंद घराच्या मालकांनी दोन वर्षांपूर्वी खळ्यात कॅमेरा बसवला आणि ते मुंबईतून मोबाईलवर घर पाहतात. गेल्या वर्षी ‘कायरो’च्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांचा फोन आला. आवाज चांगलाच उतरलेला होता. “काकी, काल राती बारा वाजता आमच्या खळ्यातसून बॅटरी घेवन कोण गेलो? सात जणां दिसली. कोण काय बोलाक नाय, नुसती चलत होती.” आम्हीच होतो, पाणंदीत पाणी भरल्यामुळे त्यांच्या खळ्यातून आलो होतो, हे सांगितल्यावरही त्यांनी प्रत्येकाचे नाव विचारून सात आकडा पुरा करून घेतला. म्हणून आता खेळाच्या दिवशी संध्याकाळीच, रेंज असेतो वडाजवळच्या वळणावर जाऊन, त्यांना किती माणसे कितीच्या सुमाराला त्यांच्या खळ्यातून जातील ते कळवून ठेवतो, आणि जाताना कॅमेऱ्याकडे बघून हात वर करतो.